कोकणचा श्याम, खानदेशचे गुरुजी



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्या युवक-युवतींनी आम्हाला चर्चच्या पायऱ्यांवरच गाठले. दिवाळीच्या सुट्टीत धर्मग्रामाची सहल काढायची आणि ती कोकणात न्यायची, असा त्यांचा आग्रह होता. आग्रह रास्त आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. कपाशी, ज्वारी आणि उन्हाळ्यातली धूळ ही आपली रोजची सोबत. डोंगर उतरताच समोर समुद्र दिसावा, हे आपल्याला चित्रातच ठाऊक. आम्ही लगेच होकार दिला, पण एक अट घातली. समुद्रावर जाण्याआधी पालगडला थांबायचे. त्यावर दोघा-तिघांनी विचारले, फादर, पालगडला काय आहे? त्या प्रश्नाचे उत्तर पायरीवर उभे राहून देता येण्यासारखे नव्हते, म्हणून ते या पानावर देत आहोत.

आधी वाट समजून घेऊ. पारोळ्याहून धुळे, नाशिक करीत खाली उतरायचे आणि मुंबई-गोवा महामार्गाला लागायचे. पोलादपूरनंतर कशेडी घाट लागतो. तो ओलांडला की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो आणि खेड येते. तेथून दापोली तालुक्यात शिरलो की माती लाल होते, भिंती जांभ्या दगडाच्या होतात, घरांवर कौले दिसू लागतात. सह्याद्रीचे फाटे थेट समुद्रापर्यंत गेलेले. त्यामुळे सपाट रस्ता असा नाहीच. एक चढ, एक उतार, मध्ये आंबा, काजू, फणस आणि रातांब्याची झाडे, खाली कुठेतरी सुपारीची वाडी. समुद्राला लागून हर्णे बंदर आहे. तेथे होड्या लागल्या की वाळूतच मासळीचा लिलाव होतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. एकेकाळी तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा आधार होता, आणि १७५५ साली इंग्रजांच्या आरमाराने तो घेतला. जवळच आंजर्ले, तेथे डोंगरकड्यावर गणपतीचे जुने मंदिर. पलीकडे मुरूड, ज्या गावात महर्षी धोंडो केशव कर्वे वाढले.

या एका टापूने महाराष्ट्राला किती माणसे दिली, याचे नवल वाटते. लोकमान्य टिळकांचे मूळ गाव चिखलगाव याच तालुक्यातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे आंबडवे गाव शेजारच्या मंडणगड तालुक्यात. मराठी ख्रिस्ती मंडळी ज्यांची भजने आजही भक्तिभावाने गातात, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ साली जन्मले ते दापोली तालुक्यातल्या करजगावातच. आणि पालगडात जन्मले पांडुरंग सदाशिव साने. त्यांना आपण साने गुरुजी म्हणतो. ते जन्मले कोकणात, पण गुरुजी झाले आपल्या अमळनेरात. आपल्या तालुक्यातून वाहणारी बोरी नदी पुढे अमळनेरलाच जाते. तेव्हा पालगडला जाणे म्हणजे एका परीने आपल्या पाहुण्याच्या घरी परतभेटीला जाणे आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही पालगडला गेलो होतो. गावाच्या डोक्यावर किल्ल्याचा डोंगर, खाली झाडीत लपलेली घरे. गुरुजींचे घर स्मारक म्हणून जपले आहे. मोठ्या माणसाचे घर पाहायला जाताना आपण नकळत मोठ्या वाड्याची कल्पना करून जातो. येथे तसे काही नाही. तरीही आम्ही बराच वेळ तेथून हललो नाही.

या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, गुरुजींचा जन्म झाला. वडील सदाशिवराव. घराणे खोतांचे, आजोबांच्या काळात खाऊनपिऊन सुखी. पुढे मात्र दिवस फिरले. कर्ज वाढत गेले, जप्ती आली आणि मान होता तेथे अपमान वाट्याला आला. आई यशोदाबाई. तिने हे सारे सोसले आणि सोसता सोसता मुलांना वाढवले. ती फारशी शिकलेली नव्हती, पण मुलाला घडवण्यासाठी जे शिक्षण लागते ते तिच्याजवळ भरपूर होते. पाण्याला भिणाऱ्या मुलाला पोहता आलेच पाहिजे म्हणून तिने फोकाने मारून विहिरीवर धाडले, आणि तो पोहून आल्यावर मायेने जवळ घेतले. घरातली भाजी अळणी झाली तर सांगणाऱ्याने ती गोड मानून कशी खावी, हेही त्या घरात न बोलता शिकवले गेले. हे प्रसंग आपण ‘श्यामची आई’मध्ये वाचले आहेत. त्या पुस्तकातला श्याम म्हणजे लहानपणीचे गुरुजीच.

त्यातला एक प्रसंग आज मुद्दाम आठवावासा वाटतो. एक म्हातारी महार बाई लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन जात होती. मोळी खाली पडली. जड मोळी एकट्याने डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्या कोणीतरी हात लावावा लागतो. आपल्या मायबहिणींना हे सांगायला नको. पण तो काळ शिवाशिवीचा. रस्त्याने जाणारे येणारे होते, हात लावणारा कोणी नव्हता. श्यामच्या आईने ते पाहिले आणि मुलाला सांगितले की जा, मोळी उचलून दे, मग घरी येऊन आंघोळ कर. आज आपल्याला ती आंघोळ खटकते, आणि खटकायलाच हवी. पण त्या माउलीच्या जागी उभे राहून पाहू या. तिच्या काळाने तिच्याभोवती एक भिंत बांधली होती. ती भिंत पाडण्याचे बळ तिच्यात नव्हते. पण भिंतीतून हात बाहेर काढण्याइतकी जागा तिने केली. पुढचे काम मुलाने करायचे होते.

मुलाचे शिक्षण सोपे झाले नाही. काही दिवस पुण्यात मामांकडे, मग दापोलीच्या मिशनच्या शाळेत. दापोली ते पालगड अंतर वीसेक किलोमीटर, रस्ता डोंगराचा. आईची आठवण आली की पोरगा ती वाट पायी तुडवीत घरी येई. मुलांनो, आपल्या बसमधून ती चढण चढताना खिडकीबाहेर जरूर पाहा. घरची स्थिती आणखी खालावली तेव्हा त्याने औंध संस्थानची वाट धरली, कारण तेथे गरीब विद्यार्थ्यांची सोय होती. तेथे हाताने भाकरी भाजून खायची, कधी तीही नाही. मग औंधला प्लेग आला आणि शाळा सोडून परतावे लागले. शेवटी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून १९१८ साली तो मॅट्रिक झाला. पण त्याआधी, १९१७ सालीच, पालगडला आई गेली. मुलगा दूर होता, शेवटची भेट झाली नाही. ही हुरहूर गुरुजींच्या मनात जन्मभर राहिली. त्यांचे सगळे पुढचे लिहिणे-बोलणे त्या न झालेल्या भेटीतून आले आहे, असे आम्हाला वाटते.

पुण्यात बी. ए. झाल्यावर ते आपल्या भागात आले. अमळनेरला प्रताप शेटजींच्या उदार आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले होते. तेथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावा म्हणून गुरुजी आले आणि एम. ए. झाले. सेमिनरीत आम्हीही तत्त्वज्ञानच शिकलो, त्यामुळे त्यांच्या मनाची घालमेल थोडी समजू शकते. सत् म्हणजे काय, माया म्हणजे काय, यावर पाने भरता येतात. पण खिडकीखाली एखादे पोर रडत असेल तर पुस्तक मिटावे लागते. गुरुजींनी पुस्तक मिटले. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृह सांभाळू लागले.

या वसतिगृहाच्या आठवणी अमळनेरच्या जुन्या मंडळींनी अनेक वर्षे जपल्या. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे नीट घालीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, कोणाचे मळके कपडे दिसले तर धुऊन टाकीत. बोलून दाखवणे नाही, रागावणे नाही. मुले लाजली आणि आपणहून कामाला लागली. पालगडच्या घरात आई जे न बोलता शिकवीत असे, ते खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना अशा रीतीने मिळाले. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक रोज हाताने लिहून काढीत. ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले. शिक्षक म्हणून त्यांची कारकीर्द अवघी सहा वर्षांची. पण गुरुजी हे नाव त्या सहा वर्षांत मिळाले, ते कायमचे.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला आणि गुरुजी शाळा सोडून चळवळीत पडले. मग तुरुंगामागून तुरुंग. आधी धुळे, पुढे दूर तामिळ मुलखातला त्रिचनापल्लीचा तुरुंग. तेथे वेगवेगळ्या प्रांतांचे कैदी एकत्र होते. गुरुजी तमिळ शिकले, आणि पुढे तिरुक्कुरळ हा तमिळांचा थोर ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात विनोबा भावे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे सलग अठरा रविवार विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली, आणि गुरुजींनी ती भराभर उतरून घेतली. विनोबांची ‘गीता प्रवचने’ आज जगभर वाचली जातात, ती गुरुजींच्या या लेखणीमुळे. रविवारचे प्रवचन किती जणांच्या लक्षात राहते, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून या लेखनिकाबद्दल आम्हाला विशेष आदर वाटतो.

पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारीच्या ९ तारखेला त्यांनी आईच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि १३ तारखेच्या पहाटे हातावेगळ्या केल्या. पाच दिवसांत ‘श्यामची आई’ तयार झाली. दिवसा तुरुंगाचे काम, रात्री लेखन. बाहेर भिंत, आत पालगड. लाल माती, विहीर, कौलारू घर, प्राजक्ताची फुले, आई. कोकण न पाहिलेल्या लाखो घरांत कोकण पोचले ते या पुस्तकातून. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

गुरुजींनी लिहिले पुष्कळ. ‘भारतीय संस्कृती’ लिहिली, तशी ‘इस्लामी संस्कृती’ही लिहिली. व्हिक्टर ह्यूगोची ती प्रसिद्ध कादंबरी, जिच्यात चांदीची भांडी चोरणाऱ्याला बिशप पोलिसांपासून वाचवतात आणि वर चांदीच्या समयाही देऊन टाकतात, ती त्यांनी ‘दुःखी’ या नावाने मराठी मुलांच्या हाती दिली. दुसऱ्याच्या धर्मातले चांगले पाहून त्यांना आनंद होई. ते ख्रिस्ती नव्हते आणि आपण ओढून त्यांना आपले म्हणू नये. पण चांगुलपणाला चांगुलपणा म्हणायला आपली परवानगी कशाला लागते?

आपल्या जिल्ह्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत राहिले. हे सारे शाळेच्या पुस्तकात येते, म्हणून येथे थोडक्यात आटोपतो.

आता पुन्हा त्या मोळीकडे येऊ. स्वातंत्र्य दाराशी आले होते, पण पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना बंद होते. ज्यांच्या पूर्वजांनी विठ्ठलाचे अभंग गायिले, ज्या चोखामेळ्याला सारा महाराष्ट्र संत मानतो, त्याच्या जातीची माणसे बाहेरूनच कळसाला हात जोडून परत फिरत. गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांना समजावले. शेवटी १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केले. मित्रांनी विरोध केला, थट्टा झाली, खुद्द गांधीजींनाही सुरुवातीला ते पटले नाही. गुरुजी मागे सरले नाहीत. दहा मे रोजी मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला आणि उपोषण सुटले. पालगडच्या रस्त्यावर आईने मोळीला हात लावायला सांगितले, आणि घरी येऊन आंघोळ करायला सांगितले. मुलाने हात तर लावलाच, आंघोळीची गरजच उरू नये म्हणून प्राण पणाला लावले. आईची आज्ञा मोडून नव्हे, तिचीच वाट पुढे चालून. आईवडिलांचा खरा मान राखणे म्हणतात ते याला.

आपणही येथे स्वतःला विचारावे. आपल्या ख्रिस्तसभेतही जातीच्या भिंती होत्या, आणि त्या सगळ्या पडल्या असे छातीवर हात ठेवून सांगता येईल काय? लग्न जमवताना, पंगतीला बसताना आपण काय विचारतो, ते प्रत्येकाने आठवावे.

यापुढचे सांगणे जड जाते, पण न सांगणे खोटेपणाचे होईल. स्वातंत्र्य आले आणि पाठोपाठ गांधीजींचा खून झाला. गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. सगळ्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून आंतरभारतीचे स्वप्न त्यांनी १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडले. बाहेरून काम चालूच होते. आत मात्र हा माणूस खचत होता. देशातला द्वेष, विझत चाललेली ध्येये, जुनी उदासी, हे सारे त्यांनी एकट्याने डोक्यावर घेतले होते. ११ जून १९५० रोजी, रविवारी, मुंबईत त्यांनी आपले आयुष्य आपल्याच हाताने संपवले. वय अवघे पन्नास.

ज्याने हजारो मुलांचे डोळे पुसले, त्याच्या डोळ्यांकडे कोणाचे लक्ष गेले नाही काय? प्रेम करणारे पुष्कळ होते. पण जो सर्वांना हसवतो, सर्वांसाठी राबतो, त्यालाही मदत लागत असेल, हे आपल्या लवकर ध्यानात येत नाही. ज्याने म्हातारीच्या मोळीला हात लावला, त्याची स्वतःची मोळी फार जड झाली होती, आणि ती उतरवून घ्यायला त्या क्षणी जवळ कोणी नव्हते.

काही जण आम्हाला विचारतील की असे मरण आलेल्या माणसाचे चरित्र धर्मग्रामाच्या पत्रिकेत कशाला? आम्ही ते मुद्दाम लिहिले आहे. जीवन हे देवाचे दान आहे, ते संपवण्याचा हक्क आपल्याला नाही, ही आपली शिकवण आहे आणि ती बदललेली नाही. एकेकाळी अशा मृतांना ख्रिस्तसभा दफनविधीही नाकारत असे. १९८३ च्या नव्या धर्मनियमांत ती बंदी उरली नाही. मनाचा आजार, असह्य वेदना, भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये, असे १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ शिकवतो. देवाच्या वाटा देवाला ठाऊक. आपल्या खानदेशात कर्जाने, नापिकीने, परीक्षेच्या धास्तीने कितीतरी घरांत असे दुःख येऊन गेले आहे. त्या घरांतली माणसे मान खाली घालून मिस्साला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि कोणी बोलायच्या आत निघून जातात. त्यांच्याशी आपण कसे वागतो? त्यांच्या मोळीला हात लावतो, की रस्त्याने जाणाऱ्यांसारखे नजर चुकवून पुढे जातो?

आणि ज्याला स्वतःलाच ओझे सोसवेनासे झाले आहे, त्याला आमचे हात जोडून सांगणे आहे. गप्प बसू नका. घरात बोला, मित्राशी बोला, डॉक्टरांकडे जा. त्यात लाज नाही. धर्मग्रामाच्या घराचे दार रात्री-अपरात्री ठोठवा, आम्ही उघडू.

अमळनेरने गुरुजींना विसरलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलननगरीला गुरुजींचेच नाव दिले होते. आपणही विसरू नये.

तर युवक-युवतींनो, सहलीची तयारी करा. नावे आणि वर्गणी येत्या रविवारपर्यंत सिस्टरांकडे द्यावी. जाताना रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघरला साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे, तेथे थोडे थांबू. मग पालगड. मग हर्णे, आंजर्ले आणि तुमचा तो समुद्र. पाण्यात मनसोक्त खेळा, सुवर्णदुर्ग पाहा, ताजी मासळी खा. पण वाटेत कोणी आजीबाई ओझे खाली ठेवून उभी दिसली, तर ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगा आणि आधी खाली उतरा. फोटो नंतर काढता येईल.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू